लुगड्याला हाडं बसवली तेव्हा

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. गोंदियाकडच्या आमच्या गावात चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. मग वडील स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली लागले आणि आम्ही भिलाईला आलो. इथली शाळा हिंदी. पहिल्या दिवशी मास्तरणीने काहीतरी विचारलं, मला समजलं नाही, मी रडले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही कोणी जा म्हटलं नाही. झालं माझं शिक्षण. त्यानंतर हातात पेनापेक्षा सुई जास्त राहिली.

हे मी मापाच्या वहीत मागच्या बाजूने लिहिते आहे. वही पुढून उघडली तर गिऱ्हाइकांची मापं आहेत. ती कोणी वाचू नयेत. काही बायकांनी शपथ घालून कंबर सांगितली आहे.

मी फार बोलत नाही. ओळखीच्यांना वाटतं मला गर्व आहे, अनोळखी लोकांना वाटतं मी बहिरी आहे. ब्लाउज शिवायला बाई आली की मी टेप घेऊन उभी राहते आणि मान हलवते. गळा मोठा पाहिजे? मान. परवा पाहिजे? मान. माझा निम्मा धंदा मानेवर चालतो.

मला एकच मुलगी आहे. डिप्लोमा झाला, नोकरी लागली नाही, म्हणून एका मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवायची. ते करता करता तिने घरी कम्प्युटरवर दुसराच धंदा सुरू केला. तो समजायला मला वर्ष लागलं. गेममध्ये जी माणसं, तलवारी, गाड्या दिसतात, त्यांची मॉडेलं असतात, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतील अशी. एका गेमचं मॉडेल दुसऱ्या गेममध्ये चालत नाही. पण लोकांना तेच पाहिजे असतं. इकडची तलवार तिकडे, तिकडची टोपी इकडे. ते नीट काढून नीट बसवून देणं हे तिचं काम. मी म्हटलं, हे तर लग्न लावून दिल्यासारखं झालं. फक्त इथे मुलीची हाडंसुद्धा सासरच्या पद्धतीप्रमाणे बदलावी लागतात. आमच्या वेळी नाव बदललं की भागायचं.

तिचा जुना कम्प्युटर जळला तेव्हा नव्यासाठी चाळीस हजार लागत होते. आमचे हे ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर, तेव्हा आमच्याकडे कुठून येणार. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, प्लांटमध्ये पक्के होते. रिटायर होऊन मरोद्याला घर बांधून बसले आहेत. पैसे त्यांचे, पण चावी जाऊबाईंकडे. जाऊबाईंनी पैसे दिले, व्याज घेतलं नाही. व्याजाच्या जागी त्या चौकशी करायच्या. बारसं असो की तेरवी, चार बायकांत मला गाठून विचारायच्या, "काय वो, आमचा कम्प्युटर बरा हाय ना? धूळ पुसता ना त्याची?"

मी मान हलवायची.

त्यांची अट एकच होती. "दसऱ्यापर्यंत पूर्ण पैसे दे. नाही तं कम्प्युटरचं मशीन मरोद्याले. मले मोठ्या पडद्यावर भजनं पाहाची हायेत."

पावसाळा संपत आला तेव्हा सोळा हजार फिटले होते, चोवीस बाकी होते. मुलगी रोज कॅलेंडरकडे बघायची. मशीन गेलं तर परत मोबाइलच्या दुकानात जायचं, हे तिला माहीत होतं. ती म्हणायची, "आई, अख्खी जिंदगी मी लोकांच्या फोनमधले बुडबुडे काढणार नाही."

तेवढ्यात मोठी ऑर्डर आली. परदेशातला कोणी गिऱ्हाईक. त्याच्या लहानपणचा एक गेम बंद पडला होता, मॉडेल वापरायची परवानगी त्याने काढली होती. त्या गेममध्ये एक लढणारी बाई होती, नऊवारी लुगड्यातली, मागे काष्टा, हातात तलवार. कपाळावर बत्ताशाएवढा हिरा. लुगड्यात एवढा हिरा घालून कोण लढायला जाईल ते मला सांगता येणार नाही, पण बनवणारा आपल्याकडचा नसावा. तर ही बाई त्याला एका नव्या गेममध्ये पाहिजे होती, जिथे सगळे पळतात, उड्या मारतात, भिंती चढतात. तीन आठवड्यांत पाहिजे. सव्वीस हजार देईन, पण काम पसंत पडल्यावरच.

मुलगी नाचली. तिसऱ्या दिवशी ती अहिवाऱ्याला मैत्रिणीकडे गेली. येताना नंदिनी नगरच्या जवळ चुनखडीच्या ट्रकने पांढरा धुरळा उडवला, हिने डोळे मिटून ब्रेक मारला आणि स्कूटीसकट पडली. उजव्या हाताची दोन हाडं गेली. डॉक्टरने विचारलं, कुठे दुखते? ही म्हणाली, "ऑर्डर आहे माझी."

हातावर कोपरापर्यंत प्लास्टर. हे म्हणाले, "नाही म्हणून सांगून दे त्याले." तिने ऐकलं नाही. डाव्या हाताने माऊस धरून एक दिवस बसली. संध्याकाळपर्यंत त्या लढणाऱ्या बाईचं नाक खांद्यावर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, हे ड्यूटीवर गेल्यावर, ती मला म्हणाली, "आई, तू बैस."

"मी? मले काय येते त्यातलं?"

"तुले कापड येते. बाकी मी सांगतो ना."

"अन् बिघडलं तं?"

"उलटं करायचं बटन हाय. तुझ्या कैचीले नाही, याले हाय."

हे बटण ऐकूनच मी बसले. वीस वर्षं कापड कापते आहे. एकदा कैची चालली की देवसुद्धा ते परत जोडत नाही. आणि इथे म्हणे एक बटण दाबलं की कापलेलं परत अख्खं.

माऊस मी इस्त्रीसारखा धरला. मुलगी ओरडली, "आई, इस्त्री नको करू! हलक्यानं!" मग आम्ही बाईला जुन्या गेममधून काढून नव्यात आणलं. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता गव्हाळ रंग.

"कुठं गेली?"

"इथंच हाय. आपण तिच्या टाचेच्या आत हावो."

झालं असं की जुन्या गेमची मापाची पद्धत वेगळी, नव्याची वेगळी. इकडचा एक तिकडे शंभर होतो. बाई डोंगराएवढी झाली होती. तिला छोटी केली तर ती आडवी, तोंडावर पडलेली, कारण जुन्या गेममध्ये जिकडे वर म्हणतात तिकडे नव्या गेममध्ये समोर म्हणतात. नव्या घरी आल्याबरोबर सगळ्यांसमोर लोटांगण. मी म्हटलं, पडू दे दोन मिनिटं, सासरी पहिल्या दिवशी असंच वाटते.

उभी केल्यावर खरं काम सुरू झालं. मॉडेलच्या आत हाडं असतात आणि वरून जाळीसारखी कातडी, कापड सगळं. नवीन गेमची हाडं आत बसवायची आणि मग कोणत्या हाडामागे कापडाचा कोणता भाग किती जावा ते रंगाने सांगायचं. लाल म्हणजे पूर्ण मागे जा. निळा म्हणजे जागचं हलू नको. मधले हिरवे-पिवळे म्हणजे थोडं जा, थोडं राहा. मुलगी हे समजावून सांगत होती आणि माझ्या मनात आलं, हे तर मला पाठ आहे. हात वर केला की ब्लाउजचं कापड कुठे ओढतं, कुठे मरून ढिलं पडतं, हे मी रोज बघते. बायका आरशासमोर फक्त गळा बघतात, मी त्यांना हात वर करायला लावते.

त्या बाईला हात वर करायला लावला तर बगल चुरगळलेल्या कागदासारखी. मुंढ्याचा घेर, म्हणजे बाही जिथे बसते तो गोल, लहान पडला होता. मी तो थोडा खाली उतरवला, बगलेत चौकोनी तुकडा घातला, रंग हळूहळू लालातून पिवळ्यावर आणला. मुलगी म्हणाली, हात उचलव. उचलला. एकही चुणी नाही.

मुलीने तो हात दोनदा खाली-वर करून बघितला. मग म्हणाली, "मले हे तीन महिने कोणत्याच मॉडेलात नव्हतं जमलं."

मला इतकं बरं वाटलं की मी उठून भांडी घासायला गेले. कोणी तारीफ केली की मला काय करावं समजत नाही.

पण कमरेखाली आमची फजिती होती. बाई उभी असली की सुंदर. पळायला लागली की लुगडं मधोमध फाटायचं आणि आतून काळी पोकळी दिसायची. पोकळी म्हणजे खरंच पोकळी, आत काही बनवलेलंच नव्हतं. जुन्या गेममध्ये ती जागेवर उभी राहून तलवार फिरवायची, तेव्हा कोणाला कळलं नसेल. आम्ही अर्धं कापड डाव्या पायामागे, अर्धं उजव्या पायामागे रंगवून बघितलं. घागऱ्यासारखं फुगवून बघितलं. चार दिवस गेले. मुलगी रडकुंडीला आली.

मी पेटीतून माझ्या आईचं लुगडं काढलं. म्हटलं, उभी राहा, तुलाच नेसवते, मग बघू कापड कुठे जाते. तिने बर्म्युडा घातलेली, हात गळ्यात अडकवलेला. माझी आई कशी नेसायची ते मला आठवत होतं, पण मी स्वतः आयुष्यात कधी नेसले नाही. समोरच्या खोलीत मी तिच्या मागे उकिडवी बसून काष्ट्याचं टोक दातात धरून ओढत होते आणि त्याच वेळी दारातून जाऊबाई आत आल्या.

"अवं माय, हे काय चालून राहिलं? लगन हाय का नाटक?"

माझ्या तोंडात लुगडं होतं. मला उत्तर द्यावं लागलं नाही. मुलगी म्हणाली, "मोठी आई, डान्स हाय. गणपतीत."

"मोडक्या हातानं?"

"पाय ठीक हायेत ना."

जाऊबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या चौकशीला आल्या होत्या, मशीन नेताना तारा कोणत्या कोणत्या लागतील ते बघायला. पण लुगडं बघून त्यांचा जीव राहीना. "कोणं नेसवलं हे? तुह्या मायनं? हे असं नेसून पोरगी दोन पावलं चालन अन् तिसऱ्याले तोंडावर पडन. सोड. सोड म्हणतो ना."

त्यांनी लुगडं ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तर जाऊबाई नाहीतच, दुसरीच कोणी. गुडघ्याच्या वर घट्ट नेसलेलं, मागे काष्टा असा खोचलेला की गाठ शोधूनही सापडू नये.

"धानाच्या रोवणीले आमी असंच नेसत होतो. चिखलात वाकाचं, बांधावरून उडी माराची. बैल मागं लागला तरी सुटू नये."

मुलीने डाव्या हाताने फोन उचलला. "मोठी आई, पळून दाखवा ना."

"हट्."

"तुमचे गुडघे दुखतात, राहू द्या."

हे ती मुद्दाम बोलली. गेली दहा वर्षं जाऊबाईंचे गुडघे आमच्या सगळ्या खानदानाला दुखत आहेत. प्रत्येक लग्नात त्यांना खुर्ची लागते. पण दुसऱ्याने त्यांना म्हातारी म्हटलेलं चालत नाही. त्या गॅसच्या ओट्यापासून दारापर्यंत पळाल्या. परत आल्या. मोरीच्या कठड्यावरून उडी मारली. उकिडव्या बसून हात न टेकता उठल्या. शेवटी न सांगता एक लाथ हवेत मारली. ती कोणासाठी होती ते मी विचारलं नाही.

मी फक्त कापड बघत होते. आणि मला दिसलं. मांडीवरचं कापड आपापल्या पायामागे जात होतं, ते बरोबर. पण मधल्या निऱ्या कोणत्याच पायाचं ऐकत नव्हत्या. त्या कमरेला लटकून राहायच्या, पाय त्यांच्या मागून येऊन जायचे. आणि काष्टा पायाचा नाहीच, तो पाठीच्या तळाशी बांधलेला. आम्ही निऱ्यांची वाटणी दोन पायांत केली होती, म्हणून त्या मधून फाटत होत्या.

जाऊबाई लुगडं सोडून, चहा पिऊन, मशीनच्या तारा मोजून निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पाच हायेत. धरून ठेवजा, हरवू नोका."

मी लगेच बसले. निऱ्यांना पायांच्या हाडांसाठी निळा रंग, कमरेच्या हाडासाठी लाल. काष्टा कमरेला. मांड्या ज्याच्या त्याला. मग मुलीने तिला पळवलं. ती पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, भिंतीवरून उडी मारली, बसली, उठली. कुठे एक धागा सुटला नाही. पळताना कोपरं मात्र बाहेर काढत होती, कारण मुलीने हालचालसुद्धा फोनमधल्या व्हिडिओवरून घेतली होती. म्हणजे मरोद्याच्या जाऊबाई हातात तलवार घेऊन किल्ल्यावर पळत होत्या. आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट धरून हसलो.

हे मी जाऊबाईंना आजपर्यंत सांगितलेलं नाही. वही मागच्या बाजूने लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

फाइल पाठवली. एका दिवसाने परत आली. गिऱ्हाईक लिहितो, फार छान आहे, पण जड आहे, गेम हिला उचलत नाही. ती जाळी बारीक तिकोनांची बनते, त्यात किती तिकोन असावेत याची हद्द असते, आमची बाई त्या हद्दीच्या दीडपट झाली होती. चार दिवसांत हलकी करा, नाही तर राहू द्या.

मुलीने बाईला पडद्यावर आतून उघडून बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"आई, ब्लाउजच्या आत हे काय हाय?"

"शिलाईची जागा."

"काय?"

"सगळीकडे एक-एक इंच आत सोडलं. तू दुपारी झोप काढत होती ना, तेव्हा दुमडलं मी. बाहीले, पाठीले, कमरेले."

"कावून?"

"उद्या अंग भरलं तं उसवून मोठं कराले येते."

"आई, हिचं अंग नाही भरत! ही गेममध्ये हाय!"

"लगन झालं का भरते."

तिने प्लास्टरचा हात कपाळावर मारून घेतला. दुखला. मग हसली. मग मला सगळी शिलाई कापायला लावली. कोणाला सांगून पटणार नाही, पण ते दोन दिवस मला फार जड गेले. जागा न सोडता शिवलेला ब्लाउज म्हणजे गिऱ्हाइकाला सांगणं की बाई, तू आहेस एवढीच राहा. मी आजपर्यंत कोणाला असं शिवून दिलं नाही. एक-एक इंच निवडून उडवला. बगलेतला चौकोनी तुकडा मात्र मी ठेवला. मुलगी काढ म्हणत होती. मी मान हलवली, आडवी.

त्यातून निघाली तेव्हा बाई हद्दीच्या आत होती, जेमतेम.

गिऱ्हाइकाला पसंत पडली. तो म्हणाला, आभार मानायला व्हिडिओवर बोलूया, हे कापड कोणी बसवलं त्यांना बघायचं आहे. मुलीने फोन माझ्याकडे वळवायच्या आत मी मोरीत जाऊन नळ सोडला. बादली भरून वाहेपर्यंत बाहेर आले नाही. मुलीने त्याला सांगितलं की आमची कारागीर फार बिझी आहे. खोटं नव्हतं.

पैसे आले, पण यायला पंधरा-वीस दिवस लागले. इकडचं तिकडचं कापून बँकेत चोवीस हजार सातशे पडले. दसऱ्याला सहा दिवस होते. मुलीचं प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं, खालून हात काडीसारखा आणि पांढरा निघाला. बँकेतून पैसे काढून आम्ही दोघी ऑटोने मरोद्याला गेलो.

जाऊबाईंच्या समोरच्या खोलीत गेल्याबरोबर मला दिसलं. खिडकीशी नवं टेबल. त्यावर क्रोशाचं कव्हर, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. टेबलाच्या वर भिंतीत नवा प्लग, आजूबाजूचं सिमेंट अजून ओलं. भजनं ऐकायला खुर्चीसुद्धा वळवून ठेवलेली होती.

मी पाकीट पुढे केलं. जाऊबाईंनी आधी पाकिटाकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"दसऱ्याले तं टाइम हाय अजून."

मी मान हलवली.

"एवढी काय घाई होती वो तुले?"

मुलगी म्हणाली, "मोठी आई, मोजून घ्या."

त्यांनी मोजले. थुंकी लावून, दोनदा. चोवीस हजार बरोबर भरले. एक नोट मधून चिकटवलेली निघाली ती त्यांनी वेगळी काढून माझ्या मांडीवर ठेवली, मी दुसरी दिली. मग गठ्ठा हातात धरूनच त्यांनी टेबलावरचं क्रोशाचं कव्हर सारखं केलं. मला वाटलं झालं, उठावं.

"प्लग बसवला मी," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीले दोनशे द्यावे लागले. कोणासाठी बसवला? तुमच्या मशीनसाठीच ना?"

मुलीने तोंड उघडलं. मी तिच्या बऱ्या झालेल्या हाताला हलकेच चिमटा काढला. पर्समधून शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि त्यांच्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवल्या. जाऊबाईंनी त्याही उजेडाकडे धरून बघितल्या, गठ्ठ्यात सरकवल्या आणि म्हणाल्या,

"हं. आता झाले पूर्ण."